थंडी पडल्यावर गाजर-बीट असे साठवा

गाजरं उपटायची मी घाई करत नाही. पहाटे दव गोठायला लागलं की त्यांच्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते. थंडी खाल्लेल्या गाजराची गोडी मला वर्षभर आठवते. मात्र जमीन गोठून कडक व्हायच्या आत ती काढावीच लागतात.

कोरडा दिवस निवडा. नुसतं ओढू नका, आधी बाजूची माती सैल करा. मोडलेलं टोक सगळ्यात आधी सडतं. पाला लगेच कापा, नाहीतर तो मुळातलं पाणी शोषत राहतो. बिटाला मात्र दोन बोटं देठ ठेवा, म्हणजे रंग गळत नाही. धुवायचं नाही, माती हाताने झटकायची. चिरलेली, किडकी गाजरं त्याच आठवड्यात चुलीवर.

मग खोक्यात ओलसर वाळूचा थर, त्यावर एकमेकांना न टेकवता गाजरं, पुन्हा वाळू. वाळू मुठीत दाबली तर पाणी निथळता कामा नये. आमची खोकी गोठ्यालगतच्या अंधाऱ्या खोलीत असतात. ० ते ४ अंश तापमान उत्तम. जवळ सफरचंदं अजिबात नकोत, त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे गाजर कडू होतं. भोपळ्याला हा गारवा मानवत नाही. त्याला कोरडी, १० ते १३ अंशांची जागा द्या.