युरोप एक करणारे नेते डोक्यात कसे बसवायचे, घोकंपट्टी न करता

युपीएससी मेन्सच्या जीएस वनला, म्हणजे सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरला, जगाचा इतिहास आहे, पीएसआयआर (राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध) ऑप्शनल असेल तर युरोपियन युनियन वेगळं आहेच, आणि दादर-ठाण्याच्या अभ्यासिकांमध्ये बहुतेक जण हा टॉपिक एकाच पद्धतीने करतात, म्हणजे नाव, देश, करार, साल असा तक्ता बनवायचा आणि मग लोकलमध्ये उभ्याउभ्या पाठ करायचा. दोन आठवड्यांत सगळं पुसलं जातं. शुमान, स्पाक, स्पिनेली, आपल्या कानाला सगळी नावं सारखीच. त्यापेक्षा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, बाबा तुला भीती कशाची होती? करार आणि साल त्याच्या मागोमाग येतात.

पण आधी नकाशा. कोऱ्या कागदावर हाताने काढायचा, मोबाईलवर बघून सोडून द्यायचा नाही. ऱ्हाईन नदी, तिच्या पूर्वेला रूर म्हणजे कोळसा आणि पोलादाचे कारखाने, पश्चिमेला सार, तिथेही कोळसा, आणि त्याच्या खाली आल्सास-लोरेन. लोरेनमध्ये लोखंडाचं खनिज. हे आल्सास-लोरेन १८७१ला जर्मनीकडे गेलं, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे, १९४०ला परत जर्मनीकडे, मग परत फ्रान्सकडे. घर तिथेच आणि राज्य बदलतं म्हणजे काय, हे बेळगाव-निपाणीकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागणार नाही.

आता याच नकाशावर माणसं ठेवा. रोबेर शुमान, फ्रान्सचा पुढचा परराष्ट्रमंत्री, जन्म १८८६, लक्झेंबर्गमध्ये, वडील लोरेनचे, म्हणून जन्माने जर्मन नागरिक, मेट्झमध्ये वकिली केली आणि फ्रेंच झाला तो पहिल्या महायुद्धानंतर, तिशी उलटल्यावर. आल्चिदे दे गास्पेरी, ट्रेंटिनोचा, तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, म्हणजे इटलीचा हा पुढचा पंतप्रधान १९११ला व्हिएन्नाच्या पार्लमेंटमध्ये निवडून गेलेला. कॉनराड आडेनाउअर ऱ्हाईनकाठच्या कोलोनचा मेयर, नाझींनी १९३३ला हाकलला, १९४९ला ७३व्या वर्षी पश्चिम जर्मनीचा चॅन्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाला तो पण एका मताने. तिघंही कॅथलिक, तिघंही ख्रिश्चन डेमोक्रॅट, आणि तिघांनाही जर्मन येत होतं त्यामुळे आपसात दुभाषा लागत नसे. शुमानला भीती त्याच जमिनीवरून तिसऱ्या युद्धाची, आडेनाउअरला भीती जर्मनी कायम दबलेला आणि एकटा पडेल याची, दे गास्पेरीच्या घरात तगडा कम्युनिस्ट पक्ष आणि रिकामी तिजोरी. हे एवढं कळलं की ९ मे १९५०ची शुमान घोषणा पाठ करायची गरजच नाही: कोळसा आणि पोलाद एका सामायिक हाय ऑथॉरिटीखाली, म्हणजे देशांच्या वरच्या संस्थेखाली, ठेवा, म्हणजे फ्रान्स-जर्मनी युद्ध प्रत्यक्षात शक्यच होणार नाही. त्यातूनच १८ एप्रिल १९५१ला कोळसा-पोलादाचा पॅरिस करार, सहा देश.

इथे वहीत दोन खाने करा, एकात सही कोणाची आणि दुसऱ्यात डोकं कोणाचं. घोषणा शुमानच्या नावाची पण मसुदा जाँ मोने आणि त्याच्या टीमचा. मोने हा माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात इंटरेस्टिंग माणूस, कोन्याकच्या ब्रँडी विकणाऱ्या घरातला, लीग ऑफ नेशन्समध्ये डेप्युटी सेक्रेटरी जनरल, युद्धानंतर फ्रान्सच्या प्लॅनिंगचा प्रमुख, आणि आयुष्यात एकही निवडणूक न जिंकता १९५२ला हाय ऑथॉरिटीचा पहिला अध्यक्ष. त्याची पद्धत म्हणजे एकदम मोठं घर बांधायचं नाही, एकेक खोली काढत जायचं.

याच्या अगदी उलटा आल्तिएरो स्पिनेली. मुसोलिनीने वेंतोतेने बेटावर डांबलेला, तिथेच १९४१ला एर्नेस्तो रोस्सीसोबत जाहीरनामा लिहिला, की राष्ट्र-राज्यच मूळ दुखणं आहे, थेट संघराज्य करा. तो कागद बेटावरून बाहेर नेणाऱ्यांत उर्सुला हिर्शमन होती, हे नाव उत्तरात आलं तर पेपर तपासणारा थांबून बघेल. मोने विरुद्ध स्पिनेली हे भांडण एकदा पकडलं की पुढचे तीस-चाळीस वर्षं त्याच चौकटीत बसतात.

आणि अपयश वगळू नका. युरोपियन डिफेन्स कम्युनिटी, म्हणजे सामायिक सैन्य, फ्रान्सनेच मांडलं आणि ३० ऑगस्ट १९५४ला फ्रान्सच्याच असेम्ब्लीने पाडलं, दे गास्पेरी त्याआधी अकरा दिवस वारला. मग छोटे देश पुढे आले. हॉलंडच्या बेयेनने कस्टम युनियनचा, म्हणजे आपसात जकात नाही आणि बाहेरच्यांना सारखी जकात याचा, आग्रह धरला, बेल्जियमच्या पॉल-आंरी स्पाकने १९५५च्या मेस्सिना परिषदेनंतर रिपोर्ट तयार करून घेतला, आणि २५ मार्च १९५७ला सामायिक बाजारपेठेचा रोम करार. छोट्यांची भीती साधी, मोठ्यांच्या मारामारीत आपण चिरडलो जाऊ.

फ्रान्सचा अध्यक्ष द गॉल, त्याला 'विरोधक' म्हणून वेगळ्या पानावर टाकू नका, तो याच गोष्टीतला आहे. ब्रिटनला आत घ्यायला दोनदा नकार, १९६३ आणि १९६७, आणि १९६५ला बैठकांमधली फ्रान्सची खुर्चीच रिकामी ठेवली, त्यातून १९६६चा लक्झेंबर्ग समझोता, म्हणजे महत्त्वाच्या राष्ट्रीय हिताच्या बाबतीत एकमत होईपर्यंत चर्चा. पण आडेनाउअरसोबत फ्रान्स-जर्मनी मैत्रीचा एलिसे करार, जानेवारी १९६३, तोही याच माणसाने केला.

नंतरचे लोक पटकन: सिमोन वेय, आउश्वित्झमधून वाचलेली, १९७९ला थेट निवडून आलेल्या युरोपियन पार्लमेंटची पहिली अध्यक्ष. जाक दलोर, १९८५ ते १९९५ युरोपियन कमिशनचा, म्हणजे कारभार बघणाऱ्या संस्थेचा, अध्यक्ष, सिंगल मार्केट त्याचं. जर्मनीचा चॅन्सलर कोल आणि फ्रान्सचा अध्यक्ष मितराँ, १९८४ला पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर, वेर्दाँमध्ये, हातात हात घेऊन उभे, १९९२ला युरोपियन युनियन बनवणारा मास्ट्रिख्ट करार. इथे एक सापळा आहे, "जर्मन एकीकरणाच्या बदल्यात युरो" असं बिनधास्त लिहितात. सामायिक चलनाकडे कसं जायचं हे सांगणारा दलोर समितीचा रिपोर्ट एप्रिल १९८९चा, बर्लिनची भिंत पडली नोव्हेंबरमध्ये, त्यामुळे भिंतीने वेग दिला एवढंच लिहा.

दुसरा सापळा चर्चिल. १९४६च्या झुरिक भाषणात युनायटेड स्टेट्स ऑफ युरोप म्हणाला म्हणून त्याला संस्थापकांच्या रांगेत नेऊन बसवतात, पण ते घर फ्रान्स-जर्मनीने बांधायचं आणि ब्रिटनने बाहेरून टाळ्या वाजवायच्या, असाच त्याचा सूर होता. ब्रिटन आत आलं ते १९७३ला, पंतप्रधान हीथच्या काळात.

शेवटी वही बंद करून नकाशा परत काढा आणि प्रत्येक नावापुढे फक्त भीती लिहा. एखाद्यापुढे रिकामं राहिलं तर तेवढाच माणूस परत वाचा. साल एखादं चुकलं तर मार्क फार जात नाहीत, पण मोने कुठल्या पक्षातून निवडून आला हे लिहायला गेलात तर मात्र सगळं उघडं पडेल.