भयकादंबरीचा नायक डोक्यात जातो? पुस्तक मिटण्याआधी या चुका टाळा

नारायण धारपांच्या भयकथांमधल्या ‘समर्थां’वर वाढलेल्या वाचकाला भयकथेत एक भरवशाचा माणूस हवा असतो. अमंगळ ते बाहेरून येणार, समर्थ त्याला थोपवणार. ही सवय घेऊन जो हिलची ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ (२००७) उघडली की पहिल्या काही प्रकरणांतच चिडचिड होते. जूडस कॉइन हा पन्नाशी ओलांडलेला रॉकस्टार. विकृत वस्तू जमवतो, मेलेल्या माणसाचा सूट भुतासकट ऑनलाइन विकत घेतो आणि मैत्रिणींना त्यांच्या राज्यांच्या नावाने हाक मारतो: जॉर्जिया, फ्लोरिडा.

इथे पहिली चूक होते. ‘असला माणूस मला शेजारी चालेल का?’ असं आपण विचारतो. विचारायचं ते असं: याच्या दोषातून भुताला वाट कशी मिळते? तो सूट त्याच्या गळ्यात मुद्दाम मारलेला आहे, कारण फ्लोरिडाला त्याने घराबाहेर काढलं होतं. तो सज्जन असता तर भूत आलंच नसतं. शिवाय जॉर्जियाला तो मेरीबेथ या तिच्या खऱ्या नावाने कधी हाक मारू लागतो, तिकडे लक्ष ठेवा. कादंबरीचा खरा प्रवास तिथे दिसतो.

दुसरी चूक सिनेमाची. स्टॅन्ली कुब्रिकचा १९८० चा चित्रपट आधी पाहिलेला असतो, त्यामुळे स्टीफन किंगच्या ‘द शायनिंग’मधला (१९७७) जॅक टॉरन्स पहिल्या पानापासून वेडाच वाटतो. कादंबरीतला जॅक तसा नाही. दारूच्या नशेत त्याने पोराचा हात मोडला, विद्यार्थ्याला मारल्यामुळे नोकरी गेली, हे खरं. पण त्याचं त्या पोरावर जीवापाड प्रेम आहे, आणि त्याचा बापही असाच मारकुटा होता. गांधीलमाशांच्या पोळ्याचं प्रकरण येईपर्यंत तरी थांबा. चांगलं वागायची धडपड करणारा माणूस कथेतल्या झपाटलेल्या हॉटेलच्या तावडीत सापडताना पाहणं हीच इथली भीती आहे. मला ती भुतांपेक्षा जड वाटते.

नायकाच्या वागण्याची किंमत कुणालाच मोजावी लागत नसेल, बाकीची पात्रं नुसती त्याचं कौतुक करायला ठेवली असतील, तर मात्र लेखकच आंधळा आहे. असं पुस्तक ओढत बसू नका.

आणि घरातल्या मारहाणीचं वर्णन ज्यांना सोसत नाही, त्यांनी वरची दोन्ही पुस्तकं खुशाल बाजूला ठेवावीत. दोन्हींत मुलांवरचा अत्याचार कथेच्या गाभ्यातच आहे, पुढे गेल्यावर तो टळत नाही.