जुनी फायबरची होडी पुन्हा पाण्यात: आधी ट्रान्सम, मग इंजिन, रंग शेवटी

कोकणात खाडीकाठच्या कितीतरी घरांच्या मागे माडाखाली एखादी होडी पडून असते. सोळा-अठरा फुटी, फायबरची, आजोबांनी किंवा काकांनी घेतलेली. इंजिन पडवीत गोणपाटात गुंडाळलेलं. ती पुन्हा पाण्यात घालायचं मनात आलं की नवखा माणूस पहिल्याच दिवशी रंग विकत आणतो आणि इंजिनाची दोरी ओढून बघतो. दोन्ही चुकीचं. रंगाखाली कुजका भाग लपतो, आणि वर्षानुवर्षं कोरडं पडलेलं इंजिन तसंच फिरवलं तर सिलिंडरला ओरखडे पडतात.

होडी ठेवायची की सोडून द्यायची, हे ट्रान्समवर ठरतं. ट्रान्सम म्हणजे मागची उभी भिंत, जिच्यावर इंजिन लटकतं. २५ ते ४० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन पन्नास ते ऐंशी किलोचं असतं आणि चालताना त्याचा सगळा रेटा याच भिंतीवर येतो. बाहेरून ती फायबर दिसते, पण आत प्लायवूड असतं. इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपतं आणि प्लाय आतल्या आत कुजतो. बाहेरून काही कळत नाही.

तपासणी तीन प्रकारे करा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकून बघा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. मग आतल्या बाजूने, तळाजवळ, ५ मिमीची तीन-चार भोकं पाडा, पण बाहेरचं कवच फोडू नका. भुसा कोरडा आणि फिकट आला तर नशीब चांगलं. काळा, ओला, कुबट वासाचा आला तर प्लाय बदलावाच लागेल. इंजिन अजून लावलेलंच असेल तर ते वर उचलून अडकवा आणि त्याच्या पायावर, म्हणजे पाण्यात जाणाऱ्या खालच्या लांब भागावर, हाताने भार द्या. ट्रान्सम हलताना दिसला तर तो गेलाच, भोकं पाडायचीही गरज नाही.

तळफळीखाली फोम असेल तर मागच्या, सर्वांत खोल बाजूला ५ सेंमीचं भोक कापून मूठभर फोम बाहेर काढा आणि पिळा. पाणी निघालं तर तो सगळा काढायचा. भिजलेला फोम उन्हात वाळतो ही भाबडी आशा आहे.

कामाचा हंगाम कोणता, याचाही घोळ होतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, म्हणून दुरुस्तीही तेव्हाच करावी असं वाटतं. लाकडाची किरकोळ कामं तेव्हा चालतात. फायबरचं काम मात्र नाही. दमट हवेत रेझिन (काचतंतूंना बांधणारं, घट्ट होणारं द्रव) नीट धरत नाही आणि काचेची मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई, हवेतला ओलावा शोषते. फायबर दिवाळी ते शिमगा या दिवसांत करा आणि पावसाळा इंजिनासाठी ठेवा.

ट्रान्सम बदलताना

कापण्याआधी मोजा. ट्रान्समचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून घ्या, बोल्टांच्या भोकांच्या जागा त्यावर टिपा आणि मधल्या भागाची उंची लिहून ठेवा. आखूड पायाच्या इंजिनाला साधारण १५ इंच आणि लांब पायाच्याला २० इंच उंची लागते. हे माप चुकलं तर पंखा (प्रोपेलर) हवा ओढतो किंवा होडी पाण्यात रखडते.

आतलं कवच ग्राइंडरने कापा, कडेला चहूबाजूंनी ५ ते ७ सेंमी पट्टी राखून. बाहेरचं कवच शाबूत ठेवलं तर त्याचाच साचा मिळतो. कुजका प्लाय छिन्नीने खरवडून काढा, ३६ किंवा ४० नंबरच्या चकतीने आतून घासा आणि निदान आठवडाभर वाळू द्या.

प्लाय घेताना दुकानदाराच्या ‘मरीन आहे’ या शब्दावर जाऊ नका. फळीवर आयएसआय चिन्हाबरोबर ‘आयएस ७१०’ असा शिक्का हवा. ‘आयएस ३०३’ हा फर्निचरचा प्लाय, तो इथे चालत नाही. १८ मिमीच्या दोन फळ्या एकमेकींना चिकटवून ३६ मिमी जाडी होते. आधी जुनी जाडी मोजा, कारण इंजिनाच्या शिकंज्याची पकड त्यावर ठरते. फळीच्या कापलेल्या कडा रेझिनने दोन वेळा भिजवा. पाणी कडेतूनच शिरतं.

रेझिन आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर घ्या. साधं जनरल पर्पज स्वस्त पडतं, पण खाऱ्या पाण्यात कमी टिकतं. बहुतेक दुकानांत सोबत दोन बाटल्या मिळतात, जांभळट कोबाल्टचा अॅक्सिलरेटर आणि रंगहीन हार्डनर. हे दोन्ही कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होतो. आधी रेझिनमध्ये अॅक्सिलरेटर घालून नीट ढवळा, मग हार्डनर. रेझिन आधीच अॅक्सिलरेटर मिसळलेलं असेल तर फक्त हार्डनर लागतो, त्यामुळे लेबल वाचा. हार्डनर साधारण १ टक्का, म्हणजे अर्धा किलो रेझिनला ५ ग्रॅम. सिरिंजने मोजा, झाकणाने अंदाज नको. एका वेळी अर्ध्या किलोहून जास्त बनवू नका. जास्त बनवलं तर डबा तापतो, धुरतो आणि हातातच दगड होतो. सकाळी दहापर्यंत काम उरकावं. दुपारच्या उन्हात जेमतेम पाच-सहा मिनिटं मिळतात. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे चष्मा आणि जवळ पाण्याची बादली हवीच. उडालाच तर निदान पंधरा मिनिटं डोळा धुऊन लगेच डॉक्टर गाठा. घासताना धुळीचा मास्क आणि रेझिन लावताना सेंद्रिय वाफांच्या फिल्टरचा मास्क. एकाने दोन्ही कामं होत नाहीत.

बाहेरच्या कवचाला रेझिनमध्ये भिजवलेली ४५० ग्रॅमची मॅट लावा, तिच्यावर पहिली फळी, मग पुन्हा मॅट आणि दुसरी फळी. आडव्या पट्ट्या लावून शिकंज्यांनी आवळा. सगळीकडून रेझिन बाहेर आलं पाहिजे. जिथून आलं नाही तिथे पोकळी आहे. वाळल्यावर कडेच्या आतल्या कोनांत रेझिन, बारीक सिलिका आणि कापलेले काचतंतू यांची लुगदी भरून साधारण २५ मिमी त्रिज्येची गोलाई द्या, कारण काचेचं कापड काटकोनात बसत नाही, खाली हवा राहते.

आतल्या कवचाचे पाच थर द्या: मॅट, वोव्हन (विणलेलं काचेचं कापड), मॅट, वोव्हन, मॅट. बाजूंवर आणि तळावर ते १० सेंमी चढू द्या आणि प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा पुढे न्या. रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढा. पांढरा ठिपका दिसतो तिथे एक तर हवा आहे किंवा मॅट कोरडी आहे. एका दमात तीनच थर द्या, नाहीतर उष्णता साठून सगळं आकसतं.

किती आणायचं याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर मॅटला तिच्या वजनाच्या सव्वादोन-अडीच पट रेझिन लागतं, म्हणजे साधारण एक किलो. ६०० ग्रॅमच्या वोव्हनला तिच्या वजनाइतकंच. चढलेल्या कडा धरून ट्रान्समचं क्षेत्र एक चौरस मीटर होतं. वरचे पाच थर, फळ्यांमधल्या दोन मॅट, कडा आणि लुगदी मिळून नऊ-दहा किलो. बारा किलो आणा.

बोल्टांच्या भोकांच्या कामात आळस करू नका. १२ मिमीचा बोल्ट असेल तर आधी २० मिमीचं भोक पाडा, ते लुगदीने भरा, वाळल्यावर त्याच्या मधोमध १२ मिमीचं भोक काढा. म्हणजे पाणी शिरलं तरी प्लायला लागत नाही. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, आणि सीलंट पॉलियुरेथेनचा. बाथरूमचा सिलिकॉन नको. एकदा लागला की पुढे त्या जागेवर रंग धरत नाही.

तळाला तडे असतील तर चिरा आरपार उघडून कडांना जाडीच्या बारा पट उतार द्या. ५ मिमी जाडीला ६ सेंमी. वरवर लुगदी भरलेली चीर पहिल्याच उधाणात पुन्हा उघडते. जेलकोटवरच्या (बाहेरच्या गुळगुळीत रंगीत थरावरच्या) कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा मात्र बहुधा निरुपद्रवी असतात.

इंजिन

दोरी ओढण्याआधी स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक तेल घाला आणि फ्लायव्हील हाताने हळू फिरवा. मोकळं फिरलं की प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूच्या अंगाला जोडून (अर्थ करून) प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायचा गेज लावा. दोन सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी इंजिन मिस्त्रीकडे न्या, बाकी खर्च नंतर.

खालच्या पायाचं तेल खालच्या स्क्रूमधून सोडा. दुधाळ आलं तर सील गेलं आहे. बहुतेक वेळा पंख्यामागे दांड्याला गुंडाळलेली मासेमारीची तंगूस त्याला कापते, म्हणून पंखा काढून बघाच. नवीन तेल नेहमी खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरा. वरून भरलं तर आत हवा अडकते. स्क्रूंचे वॉशर दरवेळी नवे.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर (पातीचं चाक) जुना चांगला दिसला तरी बदला. पाती वर्षानुवर्षं एकाच बाजूला वाकून राहिलेली असतात. एखादं पातं तुटलेलं असेल तर तुकडे मोजून सगळे शोधा. राहिलेला तुकडा थंडाव्याच्या वाटेत अडकतो आणि नव्या इंपेलरनेही इंजिन तापतं. पंपाचं झाकण बसवताना दांडा घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा, म्हणजे पाती योग्य बाजूला वळतात. खारं पाणी खाल्लेले बोल्ट जोराने पिळू नका, तुटतील. भेदक तेल लावून रात्रभर ठेवा.

कार्ब्युरेटरमधलं जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं. त्यातले जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक छिद्रं, क्लीनरने आणि हवेने साफ करा, तारेने टोकरू नका. इंधनाच्या नळ्या आणि हातपंपाचा फुगा सरसकट नवे घ्या. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि पाणीही शोषतं, म्हणून महिनोन्‌महिने टाकीत साठवू नका. मिश्रण अनेक टू-स्ट्रोकना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली टीसी-डब्ल्यू३ (होडीच्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचं) तेल. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळं असेल तर तेच खरं. मोटारसायकलचं टू-स्ट्रोक तेल नको.

पहिली चाचणी पाण्याने भरलेल्या २०० लिटरच्या पिंपात. मागून पाण्याची धार लागली पाहिजे. अर्ध्या मिनिटात नाही लागली तर बंद करा. पाण्याविना एक मिनिटही चालवू नका. जस्ताचा अॅनोड (इंजिनाचा धातू वाचवायला स्वतः झिजणारा तुकडा) अर्धा झिजला असेल तर बदला आणि त्याच्यावर रंग लावू नका. रंगवलेला अॅनोड काहीच करत नाही.

रंग आणि पहिली फेरी

आता रंग. होडी कायम पाण्यात राहणार असेल तरच तळाला शेवाळरोधक रंग लागतो. रोज ओढून वर ठेवत असाल तर पैसे वाचवा. तांबं असलेला शेवाळरोधक रंग इंजिनाच्या अॅल्युमिनियमच्या पायाला लावू नका, तो पाय खाऊन टाकतो.

नोंदणीचे कागद आता बघून घ्या. मासेमारीची होडी मत्स्यव्यवसाय विभागाकडे, पर्यटनाच्या किंवा इतर होडीसाठी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात चौकशी करा.

पाण्यात घालायची ती भरती लागताना. कुठे रुतलात तर पाणी तुम्हाला उचलेल. ओहोटीला घातली तर सहा तास चिखलात. धक्क्याजवळ अर्धा तास नुसती बांधून ठेवा आणि आत पाणी येतं का पाहा. वल्ही, नांगर, लाइफ जॅकेट आणि उपसायला डबा बरोबर घ्या. पहिल्या दिवशी खाडीबाहेर जाऊ नका. परत आल्यावर गोड्या पाण्यात पाच मिनिटं इंजिन चालवा, नळी काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपू द्या आणि ट्रान्समचे बोल्ट पुन्हा आवळा. नवीन लाकूड दबतं, त्यामुळे ते थोडे सैल झालेले असतात.