लोडरचा एक्सल तुटला: दुरुस्त करायचा की मशीन विकायची?

मागच्या जानेवारीत, इकडे सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, बोरामणीच्या पुढे मुरूम भरणाऱ्या माझ्या जुन्या बॅकहो लोडरचा मागचा एक्सल तुटला. ऑपरेटरचा फोन आला, "अण्णा, कडाक करून आवाज आला. गिअर पडतोय, पण मशीन जागची हलंना." मी त्याला आधी एवढंच सांगितलं, बकेट जमिनीला टेकव, खाली उतर आणि चारी चाकांना दगड लाव.

हे सगळ्यात आधी लिहितोय, कारण यात जीव जातो. माझ्या मशीनचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आहे, बऱ्याच जुन्या लोडरचा तसाच असतो. एका बाजूचा हाफ शाफ्ट, म्हणजे एक्सलच्या मधल्या गिअरपासून त्या बाजूच्या चाकाकडे जाणारा दांडा, तुटला की हँडब्रेक ओढलेला असूनही मागची दोन्ही चाकं डिफरन्शियलमधून (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे मधले गिअर) सुटी फिरतात. उतारावर उभी मशीन मग चालायला लागते. खोलतानाही नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. एक्सलखाली लाकडाचे जाड ठोकळे रचा आणि मगच आत हात घाला.

त्या दिवशी संध्याकाळी काहीच ठरवू नका. एक जण येऊन म्हणेल, वेल्डिंग मारून उद्या चालू करून देतो. दुसरा म्हणेल, आहे तशी मला द्या. आत काय मोडलंय ते दोघांनीही बघितलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आधी एक्सलमधलं ऑइल काढायचं. ड्रेनच्या आसपासचा चिखल धुऊन घ्या आणि ऑइल जुन्या धोतराच्या फडक्यातून स्वच्छ टबात गाळा. मग त्यात जुन्या स्पीकरचा लोहचुंबक फिरवा. चुंबकाला राखाडी, मऊ लगदा चिकटला तर ती नेहमीची झीज. चपटे, चमकणारे पापुद्रे आले तर बेअरिंग गेलंय. दात ओळखू येईल असा तुकडा निघाला तर खर्च शाफ्टपुरता राहणार नाही. तो तुकडा कुठून कुठे फिरला असेल ते बघायला चाकाकडचं हब आणि मधलं डिफरन्शियल दोन्ही खोलावं लागतं.

मग शाफ्टचे दोन्ही तुकडे बाहेर काढा, डिझेलने धुवा आणि उन्हात नेऊन मोडलेलं तोंड निवांत बघा. आमच्या शाफ्टच्या तोंडावर दोन रंग होते. एका कडेचा साधारण अर्धा भाग गुळगुळीत, काळपट. त्यावर एकाबाहेर एक अशा बारीक रेघा, हिपरग्याच्या तलावाचं पाणी उन्हाळ्यात हटत गेलं की काठावर राहतात तशा. उरलेला अर्धा भाग खडीसाखर फोडल्यासारखा खरखरीत आणि चकचकीत. रेघांचा भाग म्हणजे जुनी चीर, रोज थोडी थोडी आत सरकत गेलेली. चकचकीत भाग त्या दिवशी तुटलेला. रेघा जिथून सुरू होतात तिथे चिरेचं मूळ असतं, आणि आमच्याकडे ते शाफ्टच्या टोकाचे दाते संपतात त्या खाचेत होतं. सगळंच तोंड ताजं खरखरीत असेल, किंवा दाते दोरीसारखे पिळलेले असतील, तर एखाद्याच जबर झटक्याने काम झालंय असं समजा.

जुनी चीर दिसली की दोन गोष्टी करायच्याच. पहिली, दुसऱ्या बाजूचा शाफ्टही बाहेर काढायचा, कारण त्यानेही तेवढंच सोसलेलं असतं. मिस्त्रींनी तो चांगला पुसून त्यावर चिरेत शिरणारा लाल डाय मारला, पंधरा मिनिटं तसाच ठेवला, मग पुसून पांढरी पावडर फवारली. दोन मिनिटांत त्याच खाचेत केसाएवढी लाल रेघ वर आली. वरून बघितलं तर शाफ्ट नव्यासारखा होता. तो तसाच परत बसवला असता तर दोन महिन्यांत पुन्हा तोच फोन आला असता.

दुसरी गोष्ट, चीर का पडली ते शोधायचं. साखर कारखान्याच्या सीझनमध्ये उसाचा भुसा भरायला मी बकेटला वरून पत्रा वाढवून घेतला होता. भुसा हलका, तिथे चाललं. तीच बकेट मुरमाला लावली, तिथे वजन कितीतरी पट. ढिगात घुसताना चाकं फिरायला लागली की ऑपरेटर डिफरन्शियल लॉकचं (दोन्ही चाकं एकत्र जखडणारं) पेडल दाबून धरायचा. चाक जागेवर फिरता फिरता एकदम खडकाला धरतं, आणि तो सगळा हिसका एकाच शाफ्टवर बसतो. पोराचा दोष नव्हता, बकेट मी वाढवली होती. तो पत्रा कापून टाकल्यावरच नवे शाफ्ट मागवले. पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने रातोरात आले.

शाफ्टला वेल्डिंग करून घेऊ नका, कुणी कितीही स्वस्तात देवो. ते पोलाद तापवून, विझवून कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने जोडाच्या शेजारची ताकद बिघडते आणि तो तिथेच पुन्हा तुटतो. क्राऊन आणि पिनियन (डिफरन्शियल फिरवणारे मोठा आणि छोटा गिअर) बदलायचे तर जोडीनेच. दोघांवर जुळणारा नंबर कोरलेला असतो.

खरा पेच पडतो तो हाउसिंग, म्हणजे एक्सलचं बाहेरचं ओतीव कवच, फुटल्यावर. माझी दुसरी मशीन तीन वर्षांपूर्वी अशीच गेली. एका वर्कशॉपने हाउसिंग न तापवता वेल्डिंग मारलं, आणि दीड महिन्यात जोडाच्या बाजूने नवी चीर गेली. हाउसिंग ओतीव लोखंडाचं आहे की ओतीव पोलादाचं, ते आधी ग्राइंडर लावून बघावं. पोलादाच्या ठिणग्या लांब जाऊन फुटतात, ओतीव लोखंडाच्या आखूड आणि लालसर असतात. दोन्हींचे रॉड वेगळे, तापवणं आणि सावकाश थंड करणंही वेगळं. चीर बाहेरच्या कानात किंवा ब्रॅकेटच्या पायात असेल तर जाणत्या वेल्डरकडून भरून घ्यायला हरकत नाही. बेअरिंगच्या घरातून गेली असेल, तर वेल्डिंगनंतर ते बोअर (बेअरिंग बसतात ती भोकं) पुन्हा एका रेषेत आहेत का, हे बोरिंग मशीनवर तपासून घ्यावं लागतं. तसं करून देणारा मिळत नसेल तर त्या हाउसिंगवर पैसे घालू नका.

भंगारातला पूर्ण एक्सल घेणार असाल तर त्याचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इनपुटचे किती फेरे, जुळतो का ते बघा. दोन्ही चाकांकडच्या बाजू एकदमच एक फेरा फिरवा आणि इनपुटवर (गिअरबॉक्सकडून ताकद येते ते तोंड) खडूची खूण करून तो किती फेरे घेतो ते मोजा. आपल्या जुन्या एक्सलचा आकडा तोच यायला हवा. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढचा आणि मागचा रेशो विसंगत झाला तर दोन्ही एक्सल एकमेकांशी झगडत राहतात.

आता पैसे. मशीनच्या पूर्ण किमतीशी खर्चाची तुलना करू नका. घेणाऱ्या दोघांना बोलवा आणि दोन आकडे विचारा, चालू स्थितीत काय द्याल आणि आज आहे तशी काय द्याल. मला ८,५०,००० आणि ५,००,००० असे आकडे मिळाले, म्हणजे फरक साडेतीन लाखांचा. दोन शाफ्ट, बेअरिंग, सील, ऑइल, मजुरी मिळून ७४,००० झाले. मशीन नऊ दिवस उभी होती. डिझेल आणि ऑपरेटरचा पगार वजा जाता दिवसाचे २,५०० सुटतात, ते २२,५०० धरले. एकूण ९६,५००. अगदी विकायचीच असती तरी दुरुस्त करून विकणं परवडलं असतं. फुटलेल्या हाउसिंगच्या मशीनला याच्या उलट होतं. फरक १,८०,००० आणि जुना एक्सल बसवायचा अंदाज २,९०,०००. ती आहे तशी दिली. तेरा वर्षं पोट भरलं होतं तिने, ट्रेलरवर चढताना बघवेना.

हा हिशोब मांडण्याआधी इंजिन, पंप आणि चेसिस तपासून घ्या. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. भसाभसा धूर फेकत असेल तर इंजिनचा खर्चही आजच यादीत लिहा.

मुरमाची मशीन दहाव्या दिवशी कामावर गेली. ५० तास झाल्यावर आम्ही नवं ऑइल पुन्हा काढलं, त्याच फडक्यातून गाळलं, चुंबक फिरवला. राखाडी लगदा निघाला, नखभर. मिस्त्रींनी तो बोटांत चोळून बघितला, कण लागला नाही, आणि ड्रेनचा बोल्ट आवळला.