कुत्र्याला आइस्क्रीम द्यायचंय? आपल्यातलं नको, त्याचं वेगळं करा

परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला, की गच्चीवर कुल्फी खाताना कुत्रं समोर येऊन बसतंच. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "दे की एक घास, काय होतंय?" होतं. पिल्लूपण सरलेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही. वर साखर आणि साय पोटात गेली की जुलाब. चॉकलेट किंवा मनुके असलेलं तर चाटूही देऊ नका. चॉकलेट हृदयावर जातं, मनुक्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सगळ्यात घातक म्हणजे 'शुगर फ्री' बघून निर्धास्त होणं. त्यात साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं असेल (घटकांच्या यादीत ९६७ हा आकडा शोधा), तर कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या तासात कोसळू शकते. असं काही खाल्लंच, तर घरी मीठ पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. वेष्टन घेऊन तडक जनावरांचा दवाखाना गाठा.

त्याच्यासाठी घरचं ताजं दही घ्या, त्यात बिया काढलेलं टरबूज कुस्करा. साखर नाही, मीठ नाही.

आता गोठवणं. सगळा घोळ इथेच होतो, मलाही हे जमायला वेळ लागला. बर्फाच्या साच्यात गोठवा, असं जो तो सांगतो. मला ते अजिबात पटत नाही. टणक तुकडा कडाकडा चावताना दात तुटू शकतो, आणि अधाशी कुत्रं तो अख्खाच गिळतं. घशात अडकला की जिवावर बेततं. त्यापेक्षा स्टीलच्या ताटलीत पातळ थर पसरा आणि दर अर्ध्या तासाने चमच्याने खरवडत राहा. चमचा टेकवताच खळगा पडला आणि कडा ओलसर दिसल्या, की झालं. मधेच लाईट जाऊन सगळं कोमट झालं, तर पुन्हा गोठवू नका, फेकून द्या. फ्रीजरमधली ताटली तशीच पुढे सरकवू नका, ओली जीभ गार स्टीलला चिकटते. मातीच्या परळात काढून द्या.

पहिल्यांदा एकच चमचा. दुसऱ्या दिवशी शी नीट झाली तरच पुढे, आणि लॅब्राडोर असला तरी तीन-चार चमच्यांच्या वर नाही.

हा उन्हाळ्यातला खाऊ आहे, ऊन लागल्यावरचा उपाय नाही. कुत्रं जोरजोरात धापा टाकतंय, लाळ गळतेय, झोकांड्या खातंय, तर तोंडात काही भरवू नका. सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरकडे न्या.