बनावट ओळखीनं फसवलंय? तक्रार देताना या चुका टाळा

"वकीलसाहेब, ज्याच्या नावानं कर्ज उचललंय तो माणूसच अस्तित्वात नाही, नावच रचलेलं आहे. मग गुन्हा कुणावर घालायचा?" कोल्हापूरच्या कसबा बावड्यात कोर्टाबाहेर हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा उशिरा आलेला असतो.

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच, नाव खोटं म्हणून फिर्याद न देता थांबणं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की तोतयेगिरी खऱ्या माणसाच्या नावानं केली काय किंवा काल्पनिक नावानं केली काय, गुन्हा होतोच. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. आधार कायद्याच्या कलम ३४ मध्येही मृत किंवा जिवंत, खरी किंवा काल्पनिक, अशी कुठलीही व्यक्ती येते.

एका पतसंस्थेचे व्यवस्थापक माझ्याकडे आले होते. कर्जदाराचं नाव रचलेलं, पत्ता राजारामपुरीतल्या पाडलेल्या घराचा, फोटो फसवणाऱ्याचा स्वतःचा, आणि आधार क्रमांक नऊ वर्षांच्या एका मुलीचा. व्यवस्थापक चार महिने थकलेल्या हप्त्याच्या नोटिसा धाडत बसले. अनोळखी इसमाविरुद्ध फिर्याद देता येते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तोवर काउंटरवरच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण पुसलं गेलं. माणूस समोर बसून सही करून गेला होता, आणि आमच्या हातात उरला झेरॉक्सवरचा काळपट चेहरा. अजून जीवाला लागतं ते.

तेव्हापासून माझी सवय अशी, की पक्षकार आला की आधी चित्रीकरण, मूळ अर्ज आणि मोबाईलवरचे मेसेज जपून ठेवायला लावायचे. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, म्हणजे चित्रीकरण, मेसेज असा डिजिटल पुरावा कोर्टात देताना जोडायचा कागद. कलमांचं नंतर बघू.

दुसरी चूक नव्या वकिलांची. मोबाईलवरून कलमं उतरवायची आणि तासाभरात फिर्याद तयार! माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ सी "दुसऱ्या व्यक्तीची" ओळख वापरल्याबद्दल आहे. सगळीच ओळख रचलेली असेल तर ते टिकवणं अवघड. संगणक किंवा मोबाईल वापरून तोतयेगिरी केली असेल तर ६६ डी बघा. घाई करणाऱ्यांना एवढंच सांगतो, कलम एकदा पूर्ण वाचा, स्पष्टीकरणासकट.

न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली. कृत्य त्याआधीचं असेल तर जुन्या दंड संहितेचं ४१९ लागतं, तिथं शिक्षा तीन वर्षांपर्यंतच.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर वकील शोधत बसू नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आधारचा क्रमांक ज्याचा वापरलाय, त्याला कळवायचं सगळेच विसरतात. त्या मुलीच्या घरी मी स्वतः गेलो. तिच्या आईला काहीच माहीत नव्हतं. आम्ही तिच्या आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक केलं आणि तक्रारीची प्रत तिच्या शाळेच्या दाखल्यांच्या फाइलीत ठेवली. उद्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेली, तर तिच्याकडे कागद असेल.