स्वगत निवडताना या चुका टाळा

नाट्य विद्यालयाची प्रात्यक्षिक परीक्षा असो की कॉलेजातली, स्वगताच्या फेरीत मुलं मार खातात ती बहुतेक वेळा निवडीत. गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत मुलांच्या तालमी बघत आलोय आणि दर वर्षी त्याच चुका नव्या तोंडांतून ऐकतोय. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्वगत वाचून न निवडता बघून निवडणं. मोबाइलवर शोधायचं, ज्याला जास्त लाइक्स तो व्हिडिओ उचलायचा आणि रातोरात पाठ करायचा. एका वर्षी परीक्षेआधी तालीम बघायला बसलो होतो. एका मुलाने ‘नटसम्राट’ सुरू केलं. ते असणारच, त्याशिवाय परीक्षा पार पडत नाही. मधेच थांबून तो बारीकसा खोकला. म्हातारपण दाखवत असेल म्हणून मी सोडून दिलं. थोड्या वेळाने दुसरा आला. तेच स्वगत, त्याच शब्दावर तोच खोकला. पुढे एका ठिकाणी दोघेही हात अर्धवट वर करून नुसते उभे राहिले. विचारलं, इथे का थांबलास रे? ‘सर, व्हिडिओंत तशेंच आसा.’ मग तो व्हिडिओ लावून बघितला. कुठल्याशा हौशी नटाला खरोखरचा ठसका लागला होता आणि पुढचं थांबणं म्हणजे प्रेक्षकांच्या टाळ्या संपायची वाट बघणं होतं. आमच्या पोरांनी ठसकाही पाठ केला आणि टाळ्यांची जागाही.

‘नटसम्राट’चं काय ते इथेच बोलून घेऊ. शिरवाडकरांचं हे नाटक १९७० साली रंगमंचावर आलं तेव्हा त्यातले अप्पासाहेब, म्हणजे श्रीराम लागू, ४३ वर्षांचे होते. मुलांना हे कुठून तरी कळलेलं असतं, आणि ‘लागू तरी कुठे म्हातारे होते?’ असं मला ऐकवतात. बरोबर आहे, नव्हते. पण अप्पासाहेब बेलवलकर हा सगळा जन्म रंगभूमीवर घालवून, असेल नसेल ते मुलांना वाटून बसलेला बाप आहे. एकोणिसाव्या वर्षी त्यातलं हाती काय लागतं? कापरा आवाज आणि वाकलेली कंबर. परीक्षकाला कंबरेचे मार्क द्यायचे नसतात. शिवाय त्या दिवशी त्याने तेच स्वगत सकाळपासून ऐकलेलं असतं.

माझी पद्धत जुनाट आहे. पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जायचं आणि ज्याचा व्हिडिओ कधी पाहिला नाही असं नाटक उचलायचं. घरी बाल्कावात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, उभं राहून मोठ्याने वाचायचं. एखाद्या पानावर आपोआप थांबायला झालं, परत वाचावंसं वाटलं, की तिथे खूण. चार दिवसांनी त्या खुणा पुन्हा वाचायच्या. एवढा वेळ नाही म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. त्यांनी दुसरा विषय घ्यावा.

दुसरी चूक पहिलीचीच बहीण. स्वगताचं पान वाचायचं, नाटक वाचायचं नाही. एका मुलीने ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधलं, लुटुपुटूच्या खटल्यात आरोपी केलेल्या बेणारेचं शेवटचं स्वगत घेतलं होतं. मुलगी गुणी, आवाज चांगला, पाठांतर चोख. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिने डोळे वटारून न्यायाधीशाशी भांडण मांडलं. संपल्यावर परीक्षकांनी शांतपणे एकच विचारलं, ‘हे चालू असताना बाकीची पात्रं काय करत असतात?’ पोरगी गप्प. तेंडुलकरांच्या नाटकात त्या वेळी बाकीचे सगळे जागच्या जागी थिजलेले असतात. बेणारेचं बोलणं कोर्टातल्या कोणाच्याही कानावर पडत नाही, आणि नंतर आरोपीला काही सांगायचंच नाही असं ठरवून खटला पुढे सरकतो. म्हणजे ही बाई कोणी ऐकणार नाही अशा जागी बोलते आहे. हे कळलं की आवाज बदलतो, नजर बदलते, कुठे उभं राहायचं तेही बदलतं. एका संध्याकाळच्या वाचनाने हे सगळं मिळालं असतं. तिने चाळीसेक ओळींची झेरॉक्स आणली होती, तीही कोणाच्या तरी झेरॉक्सवरून.

म्हणून निवडीच्या वेळी मी तीन गोष्टी विचारतो: कोणाशी बोलतोयस, आत्ताच का बोलतोयस, आणि शेवटच्या वाक्याला तू पहिल्या वाक्यापेक्षा कुठे वेगळा आहेस? तिसऱ्याचं उत्तर मिळालं नाही तर ते स्वगत नुसती हकिकत आहे. बालपणीच्या आठवणींची सुंदर पानं यातच बाद होतात.

आता खास आपल्या गोव्याचं दुखणं. आपली मुलं जत्रेच्या आणि कालोत्सवाच्या नाटकांत वाढलेली. देवळासमोरचा मांडव, वर टांगलेला माइक, विंगेत प्रॉम्प्टर. त्या रंगमंचाने पोरांना धीटपणा दिला, त्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. पण परीक्षेत परीक्षक दहा फुटांवर टेबल टाकून बसलेला असतो. तिथे ऐतिहासिक नाटकातली दरबारी गर्जना केली की समोरचा माणूस खुर्ची मागे सरकवतो. आणि प्रॉम्प्टरची सवय तर फारच वाईट. वाक्य अडलं की मान आपोआप विंगेकडे वळते, जिथे कोणी नसतं. खोली लहान असेल तर लहान आवाजात जिवंत राहणारं स्वगत घ्या.

भाषेचंही तसंच. घरी कोकणी, रंगमंचावर मराठी, यात कमीपणा काहीच नाही. पण गडकऱ्यांची अनुप्रासांनी भरलेली लांबलचक वाक्यं उचलण्याआधी ती एका दमात पेलतात का ते बघा. श्वास चुकीच्या जागी तुटला की अर्थही तिथेच तुटतो. वाक्याच्या शेवटी कोकणीचा हेल येत असेल तर आजच्या बोलीतलं स्वगत घ्या, तिथे तो खपून जातो. पेडण्याच्या मुलाला मालवणी शोभते. मडगावच्या मुलाने ती ओढूनताणून आणली की कोणीही ओळखतं.

बाकीचं पटापट सांगतो. फोनवरचं स्वगत नको, अर्धा वेळ पलीकडचा काय म्हणतोय त्याची वाट बघण्यात जातो. दोघांच्या संवादातून दुसऱ्याची वाक्यं गाळून शिवलेलं ‘स्वगत’ नको, शिवण दिसते. गळा चांगला आहे म्हणून संगीत नाटकातला प्रवेश घेऊन पदामागे लपू नका, मार्क अभिनयाला आहेत. पहिल्या वाक्यापासून रडायचं असेल तर पुढे जायला जागाच उरत नाही. ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेला जिरेटोप घरीच ठेवा.

वेळेचं मात्र नीट सांगायला हवं. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, आणि त्यात थांबणं, वळणं धरलेलं नसतं. पाच मिनिटं मिळणार असतील तर पाचशे शब्दांच्या आतच राहा. कापायचं तर सुरुवातीतून कापा. सगळे शेवटाला कात्री लावतात, किंवा काहीच न कापता जातात आणि ऐन रंगात घंटा होते.

आणि नाट्यछटा. सुचवली की मुलं तोंड वाकडं करतात, कारण शाळेच्या स्पर्धेत ती किंचाळून म्हटलेली ऐकलेली असते. दिवाकरांनी (१८८९–१९३१) त्या लिहिल्या त्या काही बक्षीस समारंभासाठी नव्हेत. एकच माणूस बोलतो, समोरच्याची उत्तरं त्याच्या बोलण्यातूनच कळतात, आणि दीड-दोन पानांत माणूस उघडा पडतो. परीक्षेला लागतं ते सगळं त्यात आहे. कठीण आहे हे कबूल.

परीक्षेला जाताना स्वगताची स्वच्छ प्रत परीक्षकांसाठी न्या, वर नाटकाचं आणि नाटककाराचं नाव, अंक आणि प्रवेश लिहून. आणि आठ दिवस उरले असताना ‘सर, याहून भारी दुसरं मिळालंय’ असं सांगायला मला फोन करू नका, मी उचलत नाही.